गीताजयंती : वाटून खाण्याचा धर्म

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी ही मोक्षदा एकादशी. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभ्या केलेल्या रथात भगवंतांनी अर्जुनास गीता सांगितली ती याच तिथीस, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. म्हणून आज घरोघरी अठरा अध्यायांचे पारायण होईल, मंदिरांतून सामुदायिक पठण होईल आणि उद्या द्वादशीस एकादशीचे पारणे फिटेल. या मंगल दिवशी आम्ही वाचकांचे लक्ष गीतेतील एका अशा विचाराकडे वेधू इच्छितो, की जो पाठांतरामुळे आपल्या ओठांवर वर्षानुवर्षे आहे, परंतु ज्याचा अर्थ आपण सहसा देवघराच्या उंबरठ्याबाहेर येऊ देत नाही.

तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन आले आहे. प्राणी अन्नापासून होतात, अन्न पर्जन्यापासून, पर्जन्य यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून होतो. हे चक्र सर्वांच्या देण्याघेण्यावर फिरते. त्यातून मिळालेले भोग ज्याचे त्यास परत न देता जो एकटाच भोगतो त्यास भगवंतांनी चोर म्हटले आहे; आणि जो केवळ स्वतःसाठी अन्न शिजवतो तो पापच खातो, असा निर्वाळा दिला आहे. दरोडा न घालता, कोणाचे कुलूप न फोडता, आपल्याच ताटात आपलेच अन्न वाढून घेणारा मनुष्यही चोर ठरू शकतो, ही गोष्ट विलक्षण आहे. हा शब्द नेमका कोणास लागू पडतो? गेल्या अडीचशे वर्षांत गीता राज्यकर्त्यांच्या कचेरीत गेली, तुरुंगाच्या कोठडीत गेली आणि शेवटी शेताच्या बांधावरही गेली. तिचा हा प्रवास पाहिला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर हळूहळू उलगडत जाते.

कंपनीच्या दप्तरातील गीता

गीतेचे इंग्रजी भाषांतर १७८५ साली लंडनमध्ये छापले गेले. भाषांतरकार चार्ल्स विल्किन्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. पुस्तक छापावे अशी शिफारस करणारे पत्र गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने ऑक्टोबर १७८४ मध्ये काशीहून कंपनीच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षास लिहिले होते. या पत्रात दोन विचार शेजारी शेजारी नांदतात. जिंकलेल्या लोकांविषयी मिळवलेले ज्ञान राज्यास उपयोगी पडते, हा पहिला. आणि इंग्रजांची हिंदुस्थानातील सत्ता लयास जाऊन पुष्कळ काळ लोटला तरी असे ग्रंथ टिकून राहतील, हा दुसरा. गीतेविषयी हेस्टिंग्जचा आदर खोटा होता असे आम्हांस वाटत नाही. त्याचे भाकीत तर अक्षरशः खरे ठरले.

परंतु याच गृहस्थाचे आणखी एक पत्र इतिहासात नमूद आहे. १७६५ साली बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, कंपनीच्या हाती आला. पाचच वर्षांनी १७७० चा भीषण दुष्काळ पडला. बंगाली सन ११७६ वरून तिकडील लोक त्यास ‘छियात्तरचे मन्वंतर’ म्हणून आजही ओळखतात. प्रांतातील निदान एक तृतीयांश माणसे गेली, लागवड घटली, तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षा अधिकच झाली, असे हेस्टिंग्जने १७७२ साली स्वतःच लिहिले आहे. आणि ही वसुली बळजबरीने पूर्वीच्या पातळीवर राखली गेली, याचीही कबुली त्याने दिली आहे. ज्या रयतेने पिकवले तिच्या ताटात काही उरले नाही आणि जहाजे मात्र भरून गेली. गीतेस राजमान्यता देणाऱ्या त्या राज्याने तिसरा अध्याय वाचलाच नव्हता, एवढेच आम्ही म्हणू.

मंडालेची शिसपेन्सिल

पुढे सव्वाशे वर्षांनी तीच गीता राज्यास धोक्याची वाटू लागली. बंगालमधील क्रांतिकारक गुप्त मंडळ्यांत दीक्षा घेताना तिचा आधार घेत, आणि १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालानेही त्याची दखल घेतली. मात्र महाराष्ट्रात गीतेचा राजकारणाशी जो संबंध जडला तो शस्त्रापेक्षा कर्तव्याचा होता. लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. कोकणातून आणि देशावरून पोटासाठी आलेली ही माणसे. त्यांतील बहुतेकांनी गीतेवरील भाष्ये उघडूनही पाहिली नसतील. तरी आपल्यासाठी कोण बोलतो हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यास कारणही होते. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव जाऊन शेतकऱ्यांस सांगितले होते, की दुष्काळाच्या सरकारी कायद्याने साऱ्याची सूट आणि मदतीची कामे मागण्याचा तुम्हांस हक्क आहे, तो निर्भयपणे मागा. पुढे सरकारने सभेची मान्यता काढून घेतली, ती याच रोषातून.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत ‘गीतारहस्य’ लिहून झाले. शाई नाही, सुटे कागद नाहीत. पानांवर क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल एवढेच साहित्य. सुटकेनंतर वह्या काही काळ सरकारकडेच अडकून राहिल्या, मग परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, ते लोकसंग्रहासाठी करावे, हा त्याचा गाभा. लोकसंग्रह हा शब्द तिसऱ्याच अध्यायातला आहे. यज्ञचक्र चालू ठेवणे आणि लोकांस सावरून धरणे, या दोन गोष्टी एकाच अध्यायात याव्यात, हा योगायोग आम्ही मानत नाही.

मिठाचा खडा आणि विश्वस्ताची दृष्टी

महात्मा गांधींना गीता प्रथम भेटली ती १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये, एडविन अर्नोल्ड यांच्या इंग्रजी पद्यानुवादातून. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना अपरिग्रह आणि समभाव या दोन शब्दांनी त्यांना गाठले. त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे, की इंग्रजी कायद्यातील विश्वस्त या शब्दाचा खरा अर्थ गीतेच्या प्रकाशात उमगला. विश्वस्ताच्या हाती संपत्ती असते, परंतु त्यातील कवडीही तो आपली मानत नाही. याच सुमारास त्यांनी आपला दहा हजार रुपयांचा विमा सोडून दिला.

गीतेचा त्यांचा गुजराती अनुवाद ‘अनासक्तियोग’ प्रसिद्ध झाला तो १२ मार्च १९३० रोजी, म्हणजे दांडीयात्रा निघाली त्याच दिवशी. त्याआधी दहा दिवस त्यांनी व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात एक साधा हिशेब मांडला होता : आपले वेतन दिवसास सातशे रुपयांहून अधिक, आणि या देशातील माणसाची सरासरी प्राप्ती दिवसास दोन आण्यांहूनही कमी, म्हणजे पाच हजार पटींहून अधिक अंतर. मीठ हे समुद्राने दिलेले. त्यावर कर बसवून ते गरिबाच्या भाकरीवरून काढून घेणे, हे यज्ञचक्र तोडणे नव्हे तर काय? दांडीच्या पाठोपाठ आपल्या कोकणातील शिरोड्यासही मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांस लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी तिसऱ्या अध्यायातील यज्ञाचा अर्थ शरीरश्रम असा लावला. जो अंगमेहनत न करता खातो तो चोरीचे अन्न खातो, असे ते म्हणू लागले. हा शब्द आता केवळ परक्या राज्यकर्त्यास लागू राहिला नाही. तो आपल्या पंगतीत येऊन बसला.

धुळ्याचे अठरा रविवार

विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई बडोद्यास गीतेचे प्रवचन ऐकावयास जात, परंतु संस्कृत समजत नसे. मराठी समश्लोकी आणून दिली, तीही कठीण वाटली. मग तूच का करत नाहीस, असे त्यांनी मुलास विचारले. माता १९१८ साली निवर्तली. तिच्या त्या इच्छेतून ‘गीताई’ झाली. ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी ती लिहावयास घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण केली. एका घरातील बाईस धर्मग्रंथ कळावा, यासाठी झालेले हे काम आज लाखो घरांचे धन आहे.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर त्यांची अठरा प्रवचने झाली. समोर सत्याग्रही कैदी, आणि त्यांतील साने गुरुजी प्रत्येक शब्द उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा सिद्ध झाला. तेच साने गुरुजी पुढे खानदेशातील शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरीच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या भक्तांस उघडावे म्हणून उपोषणास बसले. गीता ऐकून घरी जाऊन स्वस्थ झोपता येत नाही, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

पोचमपल्लीची शंभर एकर

देश स्वतंत्र झाला, तरी भाकरीचा प्रश्न सुटला नव्हता. तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली या गावी तेथील भूमिहीन हरिजनांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांस विचारले, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान सुरू झाले ते असे. पुढे सुमारे तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. तुम्हांस पाच मुले असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशी त्यांची मागणी असे. दान या शब्दाचा शंकराचार्यांनी ‘संविभाग’ असा अर्थ दिला आहे, त्याची ते लोकांस आठवण करून देत. संविभाग म्हणजे नीट वाटणी. ती करणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, असा त्यात भेद नसतो.

या कार्याचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पाच कोटी एकरांचे उद्दिष्ट होते. दानपत्रांवर चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन आली. त्यातील पुष्कळशी खडकाळ निघाली, काही वादात अडकली, आणि मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. देणाऱ्याच्या मनात संविभागाऐवजी नुसते दान असेल तर नापीक माळच पुढे केला जातो, हा त्यातील धडा आहे. तरीही कोणाचे रक्त न सांडता, केवळ मागून, लाखो एकर जमिनीचे धनी बदलले, ही गोष्ट लहान मानता येणार नाही.

आक्षेप आणि ज्ञानदेवांचे उत्तर

गीतेवर एक कठोर आक्षेप आहे, आणि श्रद्धावंतांनी तो शांतपणे ऐकला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादिले, की गीतेने चातुर्वर्ण्यास तत्त्वज्ञानाचा टेकू दिला. त्यांचे हे लेखन त्यांच्या पश्चात १९८७ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. स्वधर्म या शब्दाचा उपयोग कष्टकऱ्यास त्याच्या जागी दडपून ठेवण्यासाठी शतकानुशतके झाला, हे इतिहासास धरूनच आहे. आक्षेप ग्रंथावर असला तरी त्याचे ओझे आपल्या आचरणावर येते.

या प्रश्नाचे एक उत्तर नेवाशास शके १२१२ मध्ये दिले गेले होते. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या अध्यायात ज्ञानदेव म्हणतात, की वेद ज्ञानाने संपन्न खरा, परंतु त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही. कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. ती उणीव भरून काढण्यासाठी तो गीतारूपाने सर्वांस सेव्य झाला. ज्ञानदेवांनी निवडलेला शब्द पाहावा : कृपण, म्हणजे चिक्कू धनिक. ज्ञान असो, मंदिर असो वा धान्य असो, जे साठवून एकट्याने भोगले जाते ते त्यांच्या लेखी दोषास्पद आहे. तिसऱ्या अध्यायातील चोर आणि ज्ञानेश्वरीतील कृपण हे सख्खे भाऊच म्हणावे लागतील.

उद्याचे पारणे

आपल्या आचारधर्मात ही जाणीव कधीच नव्हती असे नाही. वैश्वदेव, गोग्रास, काकबळी, अतिथीचे पान या सर्वांतून प्रत्येक जेवणाआधी वाटा काढण्याचा परिपाठ होता. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असे आपल्या आज्या सांगत आल्या. कावळ्याचा घास आपण विसरलो नाही. ज्याने ते धान्य पिकवले त्याचा वाटा मात्र विसरलो. शेतातल्या सालगड्याचे ठरलेले पैसे वेळेवर पोहोचतात का, घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार सणाच्या सुट्टीपायी कापला जातो का, दुकानातील मापात पाप तर नाही, हे प्रश्न अध्यात्माच्या कक्षेबाहेरचे आहेत असे मानण्यास गीतेत कोठेही आधार सापडत नाही.

हेस्टिंग्जने गीता वाखाणली आणि सारा वसूल केला; तिचे पारायण करूनही आपणांस तसेच वागता येईल, आणि त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती, की आज अठरा अध्याय वाचून झाल्यावर तिसऱ्या अध्यायाकडे पुन्हा एकदा परतावे. उद्या द्वादशीस पारण्याचे पान वाढले म्हणजे त्यातील तांदूळ कोणी रोवला, भाजी कोणी खुडली, भांडी कोण घासणार आहे, हे मनात आणावे. त्यांच्यापैकी ज्याचे देणे राहिले असेल ते आधी द्यावे आणि मग पहिला घास घ्यावा.