पासवर्ड बरोबर, तरीही प्रवेश नाही

जळगाव-धुळ्याच्या एखाद्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या हाती आयफोन असतो, संगणकावर मात्र लिनक्स. प्रकल्पासाठी केलेले ॲप फोनवर चढविताना साइन-इन फसते आणि तो पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो. तसे करू नये. अशाने खातेच कुलूपबंद होण्याचा धोका असतो.

मेख निराळीच आहे. ॲपल पासवर्डाबरोबर संगणकाची ओळखही मागते. या माहितीला ‘ॲनिसेट’ म्हणतात. मॅक ती स्वतः तयार करतो, विंडोजवर ॲपलचीच सॉफ्टवेअर पुरवितात. लिनक्ससाठी ॲपलने तशी सोय केलेली नाही. म्हणून ‘आल्टसर्व्हर-लिनक्स’सारखी साधने ती निराळ्या सर्व्हरकडून मिळवितात. तो सर्व्हर बंद पडला, की पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही! अशा वेळी सर्व्हर बदलून पाहावा. तो स्वतःच्याच संगणकावर चालविता आला, तर परक्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरे. संगणकाचे घड्याळही तपासावे, कारण या माहितीवर वेळेची नोंद असते. या कामासाठी वेगळे ॲपल खाते ठेवणे शहाणपणाचे.

ॲप चढले, तरी मोफत खात्याची सही ७ दिवसच टिकते. तेव्हा तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी ती नव्याने करून घ्यावी.