खासगी विद्यापीठ, प्राध्यापक आणि आपली मुले

बारावीचा निकाल लागला की शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील आपल्या सभासदांच्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे मुलाला वा मुलीला पुढे कोठे घालायचे. मागील पिढीत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. शिरूरला चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय, दौंडला कटारिया महाविद्यालय, आणि ज्याची ऐपत असेल त्याने पुणे गाठावे. आता नगर रस्त्याने वाघोलीपर्यंत किंवा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरपर्यंत गेले तरी खासगी विद्यापीठांच्या भव्य कमानी दिसतात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत राबणारे आपले बांधव पोटाला चिमटा घेऊन मुलांना तेथे पाठवू लागले आहेत. फीसाठी पतसंस्थेचे कर्ज निघते, प्रसंगी घरातील सोने गहाण पडते. एवढे मोल देऊन आपण जे घेतो, त्यात प्राध्यापक हा मुख्य भाग असतो. परंतु इमारत, वसतिगृह आणि नोकरीच्या जाहिराती पाहताना आपण प्राध्यापकांविषयी फारसे विचारीत नाही. म्हणून या लेखाचा प्रपंच.

अशा विद्यापीठांत शिकलेल्या किंवा शिकत असलेल्या आपल्या मुलामुलींशी आम्ही वेळोवेळी बोललो. कोणत्याही एका संस्थेला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. अनुभव संमिश्र आहेत, आणि ते तसेच सांगणे योग्य होईल.

चांगले अनुभव पुष्कळ आहेत. कारखान्यात वर्षानुवर्षे काम करून अध्यापनाकडे वळलेले प्राध्यापक पुस्तकाबाहेरचे ज्ञान देतात, असे अनेकांनी सांगितले. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीला वर्गातील इंग्रजी समजेना, तेव्हा तिच्या प्राध्यापिकेने सहा महिने तास संपल्यावर तिला तोच भाग मराठीतून समजावून दिला. आज ती मुलगी स्वतः नोकरी करते आहे. दुसरी बाजूही ऐकावी लागली. एका सत्रात एकाच विषयाचे तीन शिक्षक बदलल्याचे काहींनी सांगितले. शंका विचारली की हे तुम्हाला बारावीपर्यंत कोणी शिकवले नाही का, असे उत्तर मिळते. सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे, शिष्यवृत्तीवाले कोण आहेत ते उभे राहा, असे भर वर्गात म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण उभे राहणाऱ्या मुलाची मान त्या दिवसापासून खाली जाते. तो पुढे प्रश्न विचारीत नाही, मागच्या बाकावर बसू लागतो, आणि त्याचा अभ्यास तेथेच खुंटतो.

असे अनुभव साध्या महाविद्यालयातही येतात, मग खासगी विद्यापीठात वेगळे काय, असे कोणी विचारील. वेगळेपण आहे, व ते समजून घेतले पाहिजे. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला, जी महाविद्यालये संलग्न आहेत, तेथे सामान्यतः शिकवणारा एक आणि विद्यापीठ परीक्षेची उत्तरपत्रिका तपासणारा दुसरा असतो. खासगी विद्यापीठाची गोष्ट निराळी. काही संस्थांना केंद्र शासन अभिमत दर्जा देते. काहींसाठी राज्य विधिमंडळाने २०१४ सालापासून एकेक स्वतंत्र कायदा केला, आणि २०२३ साली अशा विद्यापीठांसाठी सामाईक कायदाही झाला. ही विद्यापीठे स्वतःच अभ्यासक्रम ठरवतात, स्वतःच परीक्षा घेतात आणि स्वतःच पदवी देतात. त्यामुळे जो प्राध्यापक शिकवतो, तोच बहुधा प्रश्नपत्रिका काढतो आणि तोच गुणही देतो. प्राध्यापक चांगला असेल तर ही व्यवस्था फार उपकारक ठरते, कारण तो शिकवतो तेच तपासतो आणि नवे विषय लवकर आणू शकतो. परंतु त्याच्याशी बिनसले तर दाद कोठे मागावी, ही भीती मुलांच्या मनात घर करते. मुले गप्प का बसतात, याचे खरे कारण येथे आहे.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमावलीत पालकांच्या उपयोगाची एक तरतूद आहे. प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी संस्थेने माहितीपत्रक प्रसिद्ध करावयाचे असते. त्यात फी, जागा व नियम यांबरोबरच प्रत्येक शिक्षकाची शैक्षणिक पात्रता, अध्यापनाचा अनुभव, आणि तो कायम आहे की पाहुणा, हेही द्यावे लागते. हे माहितीपत्रक मागून घ्या व वाचा. ज्या विभागात निम्म्याहून अधिक शिक्षक पाहुणे आहेत, तेथे सत्राच्या मध्यात शिक्षक बदलण्याची शक्यता अधिक, हे उघड आहे. त्याच शाखेच्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षातील दोन विद्यार्थ्यांना गाठून विचारा. कमानीपेक्षा त्यांचे बोलणे अधिक खरे असते.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला सर्वत्र सारखीच सवलत मिळेल, असे गृहीत धरू नये. खासगी संस्थांतील राखीव जागांचा इतिहासही चढउतारांचा आहे. २००५ साली इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांवर शासन आरक्षण लादू शकत नाही असे ठरविले. त्यानंतर त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये पाचवे उपकलम आले, आणि २०१४ साली न्यायालयाने तेही वैध ठरविले. परंतु घटनेने मुभा दिली म्हणजे प्रत्येक विद्यापीठात फीमाफी मिळते, असा अर्थ होत नाही. महाडीबीटीच्या यादीत त्या विद्यापीठाचे आणि नेमक्या त्या अभ्यासक्रमाचे नाव आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे, आणि समाजकल्याण कार्यालयात विचारून खात्री करावी. कार्यालयातील कोणाच्या तोंडी आश्वासनावर विसंबून राहू नये. मूळ दाखले संस्थेला ठेवून घेता येत नाहीत, हेही ध्यानात असावे.

प्रवेशानंतर काय करावे?

नव्या पद्धतीत साधारणपणे एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. चार श्रेयांकांचा विषय असेल तर सत्रात ६० तास व्हावयास हवेत. विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानावर झालेल्या तासांची नोंद ठेवावी. सत्राअखेर चाळीसच तास भरले, तर ती नोंद बोलते, तेथे वाद घालावा लागत नाही. अंतर्गत गुण कशाला किती आहेत, हे पहिल्याच आठवड्यात विचारून लिहून घ्यावे. शिक्षकांविषयीचे अभिप्राय पत्रक भरताना घाईने सगळीकडे उत्तम लिहू नये. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने, म्हणजे नॅकने, २०१७ पासून विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी मूल्यांकनात घेतली आहे. चांगल्या शिक्षकाविषयी चांगले लिहिणे हेही कर्तव्यच आहे. कमी पगारावर आणि कराराने काम करणाऱ्या अनेक तरुण प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या त्या चार ओळींचाच आधार असतो.

अन्याय झाला तर आधी त्या प्राध्यापकाशी, मग विभागप्रमुखाशी शांतपणे बोलावे. तेवढ्याने भागले नाही तर लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. वर सांगितलेल्या नियमावलीनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्यात किमान एक महिला आणि किमान एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती वा इतर मागासवर्गातील हवा. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते, आणि त्याने ३० दिवसांत ते निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे बंधन आहे. एक मर्यादा मात्र समजून घ्यावी. नुसते गुण कमी पडले म्हणून लोकपाल फेरतपासणी ऐकत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाची ठोस घटना दाखवावी लागते. म्हणूनच तारीख, तास, उच्चारलेले शब्द आणि साक्षीदार यांची त्याच दिवशी नोंद करणे महत्त्वाचे आहे. रागाच्या भरात लिहिलेल्या चार पानांपेक्षा तारखांसह लिहिलेला एक कागद अधिक उपयोगी पडतो.

शिक्षकाला प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. वास्तविक आपली परंपरा तशी नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात स्वतः प्राध्यापक होते. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, आणि तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा होता. भदंत नागसेनांनी त्याच्याशी चर्चा करण्यापूर्वी अट घातली, ती अशी की संवाद पंडितांच्या रीतीने व्हावा, राजाच्या रीतीने नव्हे. पंडित हरला तरी रागावत नाही, राजा मात्र शिक्षा करतो. वर्गात गुण देण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे, त्या प्राध्यापकानेही आपल्याशी पंडिताच्या रीतीने वागावे, एवढीच विद्यार्थ्याची अपेक्षा असते. विद्यार्थ्यानेही अभ्यास करून, नम्रपणे आणि निर्भयपणे विचारावे.

पालकांना एक विनंती. मुलगा पहाटेच्या गाडीने दौंडहून किंवा एस.टी.ने शिरूरहून जातो आणि रात्री दमून परततो. त्याला केवळ किती गुण पडले एवढेच विचारू नका. आज कोणी काय शिकवले, कोणता प्रश्न विचारलास, कोणी काही बोलले का, हेही विचारा. आणि आपल्या संस्थेत जे सभासद पदवीधर आहेत, त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत एक रविवार या मुलांसाठी राखून ठेवावा, माहितीपत्रक त्यांच्यासोबत बसून वाचावे, आणि वेळ आलीच तर तक्रारीचा मसुदा करून द्यावा. गहाण पडलेले सोने उद्या सोडवता येईल, पण मागच्या बाकावर गप्प बसून गेलेली तीन-चार वर्षे परत मिळत नाहीत.