ऐन्याच्या तुकड्यांतील साधना

आपला ‘ऐना’ हा शब्द फारसीतला. परंतु ऐन्याचे तुकडे गिलाव्यात बसवून भिंती मढविणारी इराणी ‘आईनाकारी’ आपल्याला फारशी परिचित नाही. युरोपातून येणारे आरसे वाटेत फुटत, त्या तुकड्यांतून ही कला वाढली, असे सांगतात. काटकसरीतून एवढे वैभव यावे, ही मौजच!

कझवीनला जन्मलेल्या, अमेरिकेत कला शिकून आलेल्या मुनीर फर्मानफर्मायां यांनी शिराझच्या शाह चिराग दर्ग्यात हे काम पाहिले. छतापर्यंत आरसे, पण स्वतःचे अखंड प्रतिबिंब कोठेच नाही. माणूस तुकड्या-तुकड्यांत विरतो, प्रकाश तेवढा उरतो. तेथे त्यांना रडू आले. पुढे हाजी उस्ताद मुहम्मद नवीद या कारागिराबरोबर त्यांनी त्याच कलेत नव्या आकृती घडविल्या. षट्कोनाच्या सहा बाजूंत त्या औदार्य, संयम, धीर, निश्चय, अंतर्दृष्टी आणि करुणा पाहत. आपल्याला येथे बौद्धांच्या सहा पारमिता आठवाव्यात!

मग ही कला कोणाची? कल्पना करणाऱ्या बाईंची, की काच कापणाऱ्या उस्तादाची? १९७९च्या क्रांतीने याचे उत्तर कठोरपणे दिले. मालमत्ता जप्त झाली, मुनीरबाई न्यूयॉर्कला राहिल्या. कल्पना होत्या, पण तसे कुशल हात तेथे मिळेनात. त्या कागदावर रेखाटने करीत राहिल्या. २००४ साली तेहरानला परतल्यावर जुन्यांपैकी काही कारागीर पुन्हा भेटले, काही नवे आले आणि २०१९मधील मृत्यूपूर्वी कितीतरी नवे आरसे उजळले.