काडतुसाची मुरड : एक क्रिया आणि तिचे नाव

पारिभाषिक शब्दाकडून आपण दोन अपेक्षा बाळगतो. एक म्हणजे तो एकार्थी असावा, आणि दुसरी म्हणजे ज्या क्रियेचे ते नाव आहे, ती क्रिया कशासाठी करावयाची हे त्यातून सूचित व्हावे. दुसरी अपेक्षा आपल्या परिभाषाकारांकडून पुष्कळदा दुर्लक्षित राहते. तिचे महत्त्व दाखविण्यासाठी प्रस्तुत टिपणात एक लहानशी यांत्रिक क्रिया विचारासाठी घेतली आहे. रिव्हॉल्वरच्या काडतुसात गोळी बसविल्यावर पुंगळीचे तोंड गोळीवर पक्के करतात. इंग्रजीत या क्रियेला 'क्रिम्पिंग' म्हणतात. हा विषय धरमपेठेतील वाचकास अगदीच परका वाटू नये. अंबाझरीची आयुध निर्माणी येथून फार दूर नाही, भंडारा व भद्रावती येथेही निर्माण्या आहेत, आणि खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना तर १८६९ पासूनचा आहे.

प्रथम 'काडतूस' हा शब्द पाहू. तो पोर्तुगीज 'कार्तुशु' या शब्दावरून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी इटालियन 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची सुरळी, आणि त्याच्याही मुळाशी 'कार्ता', म्हणजे कागद, हा शब्द आहे. काडतूस हे आरंभी खरोखरच कागदाचे होते. दारू व गोळी सुरळीत घालून तिचे टोक दुमडून बंद करीत. १८५७ च्या उठावास निमित्त झालेली एन्फिल्ड बंदुकीची काडतुसे अशीच कागदी होती. त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांचे धातूच्या काडतुसाचे पहिले रिव्हॉल्वर विक्रीस आले. कागद गेला, त्याच्या जागी पितळ आले. तथापि तोंड दुमडून बंद करण्याची गरज मात्र उरली.

ती का उरली, हे समजण्यासाठी काडतुसाची रचना ध्यानात घ्यावी. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, असे त्याचे चार घटक असतात. सहाबारी रिव्हॉल्वरच्या चक्रात अशी सहा काडतुसे सहा घरांत बसतात. एक बार उडाला की शस्त्र झटक्याने मागे येते आणि उरलेल्या पुंगळ्याही त्याबरोबर मागे खेचल्या जातात. परंतु जडत्वामुळे त्यांतील गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात. परिणामी गोळी पुंगळीतून किंचित पुढे सरकते. सहाव्या काडतुसास असे पाच झटके सोसावे लागतात. त्याची गोळी घराबाहेर डोकावू लागली तर चक्र अडते आणि ऐन वेळी शस्त्र निकामी होते. शिवाय, काही जातींची दारू मंदगतीने जळते. अशी दारू नीट पेट घेऊन पुरेसा दाब उत्पन्न होईपर्यंत गोळी क्षणभर अडून राहणे इष्ट असते. ही दोन्ही कामे तोंडाची पकड करते.

ही पकड दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात पुंगळीचा काठ आत वळवून गोळीच्या अंगावरील खाचेत बसवितात. दुसऱ्या प्रकारात काठ न वळविता तोंडाकडील भाग किंचित निमुळता करून गोळीवर दाबतात. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बहुधा पहिला प्रकार योग्य ठरतो. कारण त्याच्या बुडाला कड असते व त्या कडेवरच ते घरात टेकते. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसाला अशी बाहेर आलेली कड नसते. ते आपल्या तोंडाच्या काठावर टेकते. तो काठ आत वळविला तर टेकण्याचा आधारच नाहीसा होतो. म्हणून तेथे दुसरा प्रकार आवश्यक होतो. इंग्रजीत दोहोंनाही 'क्रिम्प' हेच नाव असून भेद दाखविण्यासाठी विशेषण जोडावे लागते.

आता क्रिया नीट कशी साधते ते पाहू. अमेरिकेत अनेक नेमबाज घरीच काडतुसे भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. तेव्हा हे विवेचन केवळ समजुतीपुरते आहे. सर्व पुंगळ्या एका लांबीच्या असाव्या लागतात, कारण साचा एकाच उंचीवर लावलेला असतो. लांब पुंगळीचा काठ त्यात अधिक वळतो, आखूड पुंगळीचा कमी. गोळी बसविण्यापूर्वी तोंड किंचित फाकवितात, म्हणजे शिसे खरवडले जात नाही. गोळी खाचेपर्यंत बसल्यावरच काठ वळविणे श्रेयस्कर. दोन्ही क्रिया एकदम केल्यास सरकत्या गोळीवर काठ रुतून शिसे सोलले जाते किंवा पुंगळीला फुगवटा येतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गरजेपेक्षा अधिक दाब देणे. जितके आवळावे तितकी पकड घट्ट, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. पितळ लवचिक असल्यामुळे दाब निघताच थोडे मागे येते, शिसे दबते ते दबलेलेच राहते, आणि दोहोंमध्ये फट पडते. गोळीला मुख्यतः धरून ठेवतो तो पुंगळीच्या भिंतीचा ताण. वळविलेला काठ हा त्याचा साहाय्यक होय. परीक्षाही सोपी आहे. पाच बार उडवून सहाव्या काडतुसाची लांबी मोजावी. ती पूर्वीइतकीच भरली, तर काम ठीक झाले.

येथे नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. नागपूर हे परिभाषानिर्मितीचे एक मोठे केंद्र होते. डॉ. रघुवीर यांचा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला. त्याही पूर्वी शिवकालीन राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग होता. त्या संस्कृतनिष्ठ परंपरेने 'क्रिम्प'च्या मूळ अर्थाकडे पाहिले, तर 'आकुंचन' हा शब्द सहज सुचेल, कारण मुळात त्या शब्दाचा अर्थ आक्रसणे असाच आहे. परंतु 'आकुंचन' या शब्दात प्रमाणाची मर्यादा नाही. अधिक आकुंचन म्हणजे अधिक चांगले, असा ग्रह त्यातून होऊ शकतो. आणि हाच ग्रह वर सांगितलेल्या चुकीच्या मुळाशी असतो.

मराठीत मात्र दोन्ही प्रकारांना स्वतंत्र शब्द आहेत, आणि ते कारखान्यात नसून स्वयंपाकघरात आहेत. करंजीच्या काठाला आपण 'मुरड' घालतो, दोरी वा गाठ 'आवळतो'. पहिल्या प्रकारास मुरड व दुसऱ्यास आवळण म्हटले की विशेषणाची गरज उरत नाही. मुरड घालणारी गृहिणी जाणते, की सारण आत राहील इतपतच काठ वळवावयाचा. फार दाबला तर पारी फाटते आणि करंजी तेलात सुटते. क्रियेचे प्रयोजन आणि तिची मर्यादा ही दोन्ही त्या एका शब्दात साठविलेली आहेत.

तात्पर्य, परिभाषा घडविताना परक्या शब्दाच्या व्युत्पत्तीचे भाषांतर करण्यापूर्वी, तेच काम दुसऱ्या पदार्थावर करणारे हात आपल्या समाजात कोणते आहेत, याचा शोध घ्यावा. असा शब्द जेथे सापडतो, तेथे तो नुसते नाव देऊन थांबत नाही. काम कोठे थांबवावे हेही सांगतो.