लांबची वाट, पण लवकर!

दिल्लीहून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहर किती दूर आहे, हे तुम्हाला घरबसल्या मोजता येईल. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या. भिंतीवरचा नकाशा नको. तो सपाट असल्यामुळे लांबच्या अंतरांत हमखास फसवतो. दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोके धरून दोरा ताणा. पाहिलेत, तो कुठून गेला? सैबेरिया ओलांडून, थेट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रावरून! आता विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळा. ही लांबी म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. त्रैराशिक मांडा. उत्तर १२,४०० किलोमीटरच्या आसपास यायला हवे.

विमाने मात्र नेहमी या ताणलेल्या दोऱ्यावरून जात नाहीत. एअर इंडियाचे विमान पूर्वी दिल्लीहून पश्चिमेकडे निघून, अटलांटिक महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला जात असे. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये वैमानिकांनी उलटी दिशा धरली. पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून! अंतर भरले सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरचा वळसा. आणि वेळ? साडेचौदा तास. जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

हे सांगितले की वर्गात कोणीतरी म्हणतोच, "सर, पृथ्वी फिरते ना, म्हणून!" जरा विचार करा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. ती विमानाखालून सरकत असती, तर पूर्वेला जाणाऱ्या विमानाच्या पुढे त्याचे मुक्कामाचे गावच पळत राहिले असते. म्हणजे प्रवास लांबायला हवा होता. घडले नेमके उलटे! खरे तर पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. धावत्या एस.टी.त चेंडू वर उडवलात, तर तो तुमच्याच हातात पडतो ना? तसेच हे.

खरे कारण वारा. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने उडतात त्याच थरात, वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे हवा ध्रुवाकडे निघते, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते. (पृथ्वीचे फिरणे येते ते असे, आडवाटेने!) हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो आणि वारेही जोर धरतात. ताशी १५० ते २०० किलोमीटर वेग तर नेहमीचा. कधी तो ३०० च्याही पुढे जातो.

नदीतली होडी आठवा. प्रवाहाबरोबर गेली तर दोन्ही वेगांची बेरीज, उलट गेली तर वजाबाकी. मोठे प्रवासी विमान हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. आता १५,३०० ला साडेचौदाने भागा. ताशी १,०५५ किलोमीटर! वरचे दीडशे वाऱ्याने दिले, तेही फुकट. विमानात वेळ वाचला की इंधन वाचते, आणि इतक्या लांबच्या उड्डाणात ते कित्येक टन असते. म्हणूनच उड्डाणाआधी वाटेवरच्या वाऱ्यांचा अंदाज पाहिल्याशिवाय मार्ग ठरत नाही.

आता परतीचे गणित तुम्ही करा. सॅन फ्रान्सिस्कोहून पूर्वेकडे, अटलांटिकवरून १३,९०० किलोमीटर यायचे आहे. पाठीशी सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. किती तास लागतील? आणि त्याच वाऱ्यात पॅसिफिकवरून आलात तर?