पोटदुखी जागा बदलते तेव्हा

पोट दुखण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. कळ येते, मुरडा येतो, आग पडते, पोट गच्च होतं. पेशंट यांतला कोणता शब्द वापरतो, यावरून आम्हा डॉक्टरांना बरंच सुचतं. म्हणून ‘पोटात दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका. कुठे, कसं आणि कधीपासून, तेही सांगा.

बहुतेक पोटदुखी साधीच असते. लग्नातलं जेवण, शिळी भजी, दोन दिवस शौचाला न होणं. ओवा-मीठ घेऊन, एक वेळ लंघन करून ती जाते. ओव्याला माझी हरकत नाही. एरंडेलाला मात्र आहे.

काही वर्षांपूर्वी नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी माझ्याकडे घेऊन आली. आदल्या दिवशी सकाळी त्याच्या बेंबीभोवती दुखू लागलं. जेवला नाही, दोनदा ओकला. आजीनं बेंबीला हिंग लावला, दृष्ट काढली आणि जंत असतील म्हणून रात्री एरंडेल पाजलं. रात्रभर तो उजवी बाजू धरून कण्हत होता. पहाटे दुखणं एकाएकी कमी झालं. घरच्यांना हायसं वाटलं. दुपारी ताप चढला, पोट फळीसारखं कडक झालं. अपेंडिक्स फुटलं होतं. ‘‘पहाटे तर बरं वाटत होतं हो त्याला, डॉक्टर,’’ आजी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मुलगा वाचला, पण पंधरा दिवस दवाखान्यात होता.

आजींचं काही खोटं नव्हतं. अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीएवढी बंद नळी. ती सुजली की आधी बेंबीजवळ दुखतं, कारण आतड्याच्या नसांना नेमकी जागा दाखवता येत नाही. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. त्या अस्तराच्या नसा जागा बरोबर दाखवतात, म्हणून दुखणं उजवीकडे खाली सरकतं. नळी फुटली की आतला ताण उतरतो आणि घटकाभर बरं वाटतं. तोवर पू पोटात पसरू लागलेला असतो. जुलाबाच्या औषधानं आतडी जोरात हलतात आणि फुटण्याचा धोका वाढतो.

आणखी एक खूण घरच्यांनाही कळते. मुतखड्याचा पेशंट गडबडा लोळतो, त्याला एका जागी राहवत नाही. अस्तराला सूज आलेला पेशंट मात्र हलायलाच तयार नसतो. खोकला आला तरी कळवळतो. ‘येताना गतिरोधकावर रिक्षा उडाली तेव्हा दुखलं का,’ हा प्रश्न मी हमखास विचारतो. पेशंटला हसू येतं, पण उत्तर फार उपयोगी पडतं.

काही दुखणी पोटाची नसतातच. पन्नाशीच्या गृहस्थांना छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दाब आला, दरदरून घाम सुटला, तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पाजत बसू नका. आधी ईसीजी काढा. वयात येणारा मुलगा ओटीपोटात दुखतंय म्हणतो, तेव्हा कधी कधी अंडकोशाला पीळ पडलेला असतो आणि तो लाजेनं सांगत नाही. तिथे पाच-सहा तासांचाच अवधी असतो, म्हणून वडिलांनी सरळ विचारावं. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात अचानक कळ आली, चक्कर आली, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. आत रक्तस्राव होत असतो. अशा वेळी सासूबाईंच्या परवानगीसाठी थांबायचं नसतं.

रक्ताची किंवा हिरवी उलटी, डांबरासारखी काळी शौच, फुगलेलं पोट आणि वाराही न सरणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. हे काही नसलं, तरी चार-सहा तास सलग दुखत असेल तर डॉक्टरला दाखवाच.

आणि निघताना ‘घोटभर चहा तरी घे’ म्हणून आग्रह करू नका. ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं, नाहीतर भूल देणाऱ्या डॉक्टरची पंचाईत होते.