पहिली मालमोटार आणि पडलेली पत

जत तालुक्यात डाळिंबाची तोडणी सुरू झाली म्हणजे व्यापाऱ्याचा टेम्पो बांधावर येऊन उभा राहतो. गाडी त्याची असल्यामुळे भावाची बोलणीही पुष्कळदा त्याच्याच सोयीने होतात. मिरज-पंढरपूर लोहमार्गावर जत रोड नावाचे स्थानक आहे; परंतु ते जत शहरापासून दूर पडते. उमदी, संख, बिळूर या भागांतील द्राक्षे, बेदाणा व डाळिंबे सांगली, तासगाव, सोलापूर अथवा विजापूरच्या पेठेस जावयाची ती रस्त्यानेच. तेव्हा गावातील एखाद्या होतकरू तरुणाने स्वतःची मालमोटार घ्यावी, आपला व शेजाऱ्यांचा माल वाहावा, असा विचार केला तर तो रास्तच होय. अडचण येते ती कर्जापाशी. घरातील पीककर्ज अवर्षणाच्या वर्षी थकलेले असते, व्यवसाय नवा असतो, आणि बँकेतील अधिकारी संगणकावर नाव पाहून मान हलवितो.

पत पडली आहे असे म्हणण्यापूर्वी ती कोणाची व कशामुळे पडली, हे तपासणे अवश्य आहे. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला. कर्जदाराच्या परतफेडीची नोंद या कंपन्या ठेवतात व तीवरून ३०० ते ९०० यांमधील गुणांक देतात. गावोगावी यालाच सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो हाती घेतल्यावर असे आढळून येते की, वडिलांच्या नावावरील थकबाकी मुलाच्या अहवालात येत नाही. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच ती येते. पुष्कळ तरुणांची पत वाईट नसून कोरी असते. पूर्वी कर्जच घेतले नाही, एवढ्या एकाच कारणावरून पहिल्या अर्जदारास नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले असल्याचा खुलासा केंद्र शासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत केला आहे. याचा अर्थ कर्ज मिळेलच असा नाही. परंतु कोरी पाटी व डागाळलेली पाटी यांत भेद केला जावा, एवढा आग्रह अर्जदारास धरता येतो.

डाग खरोखरच असेल तर त्याचे मूळ शोधावे. फेडलेले कर्ज बाकी दिसत असल्यास लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. मित्रासाठी दिलेला जामीन अंगाशी आला असेल, तर ती नोंद थकबाकी भरल्यावाचून सुधारत नाही. सर्वांत सामान्य प्रकार पीककर्जाचा. राज्यात २०१७ व २०१९ मध्ये कर्जमाफीच्या योजना झाल्या. माफीच्या आशेने ज्यांनी भरणा थांबविला, त्यांना माफी मिळाली तरी मधल्या काळातील थकबाकीची नोंद मागे राहू शकते. एकरकमी तडजोडीत काही रक्कम सोडून दिली गेल्यास खाते ‘तडजोडीने बंद’ असे नोंदले जाते व पुढचा सावकार ते वाचतो. म्हणून थकबाकी लहान असेल तर तडजोडीपेक्षा ती पूर्ण भरून बेबाकी दाखला घेणे पुढे स्वस्त पडते. एखादी मेंढी विकून पाच-दहा हजारांची जुनी बाकी मिटविणे, हा मालमोटारीच्या खरेदीचा पहिला हप्ताच समजावा.

पत कमी असलेल्यास कर्ज मिळते ते नावावर नव्हे, तर गाडीवर व तिच्या कामावर. मद्रासेत १९७९ साली सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने हेच ओळखले. बँका ज्यांना दारात उभे करीत नसत, अशा लहान ट्रकमालकांना तिने जुन्या गाड्यांसाठी कर्जे दिली. २०२२ मध्ये तिचे नाव श्रीराम फायनान्स झाले. अशा वित्तसंस्था अर्जदाराची ओळख, त्याच्या हाती असलेले काम व गाडीची विक्रीची किंमत पाहतात. मात्र त्यांचा व्याजदर बँकेपेक्षा चढा असतो. ज्याच्या नावावर थकबाकी नाही, त्याने आधी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करावी. २०१५ पासूनच्या या योजनेत मालवाहू वाहनासही दहा लाखांपर्यंतचे कर्ज जमिनीच्या तारणाविना मिळू शकते. अण्णासाहेब पाटील महामंडळासारख्या संस्था पात्र तरुणांना वेळेवर भरलेल्या हप्त्यातील व्याजाचा परतावा देतात. थकबाकीदारास मात्र या दोहोंचा उपयोग नाही.

दराविषयी बोलताना फार सावध राहावे. सहा लाखांची जुनी लहान मालमोटार, दीड लाख स्वतःचे व साडेचार लाख कर्ज, मुदत चार वर्षे, असे उदाहरण घेऊ. घटत्या शिलकेवर १० टक्क्यांनी मासिक हप्ता सुमारे ११,४०० रुपये येतो, तर १८ टक्क्यांनी १३,२००. चार वर्षांत हा फरक ८६ हजारांच्या वर जातो. आता कोणी ‘फक्त १२ टक्के’ म्हणाला, परंतु ते व्याज अखेरपर्यंत मूळ रकमेवरच धरले, तर हप्ता १३,८७५ रुपये होतो. म्हणजे खरा दर २१ टक्क्यांच्या जवळपास पोचतो! बारा हे अठरापेक्षा महाग ठरतात, ते असे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांबरोबर मुख्य माहितीचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो आणि ते पत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेत मागता येते. ते वाचल्यावाचून सही करू नये.

हप्ता दरमहा येतो. जतचे काम दरमहा येत नाही. द्राक्षे व बेदाण्याचे दिवस साधारणतः जानेवारी ते एप्रिल. डाळिंबाचे बहराप्रमाणे पुढे-मागे. समजा, इंधन व चालकाचा खर्च जाऊन एका खेपेस १,८०० रुपये उरतात. १३,२०० चा हप्ता आणि विमा, टायर, दुरुस्ती यांसाठी दरमहा बाजूस ठेवावयाचे ६,००० रुपये भागविण्यासच अकरा खेपा लागतात. वर्षातील चार मंद महिन्यांत पाचच खेपा झाल्या, तर सुमारे ४१ हजारांची तूट पडते. ती भरून काढावयाची तर हंगामाच्या आठ महिन्यांत दरमहा चौदा खेपा व्हावयास हव्यात, आणि तोवर घरखर्चास एक रुपयाही मिळालेला नसतो. चौदा खेपांचे काम कोणाकडून येणार, हे बागाईतदारांच्या नावांसह वहीत लिहिता येत नसेल, तर गाडी घेण्याची वेळ आलेली नाही. एखादा हंगाम भाड्याच्या गाडीने काम करून ही वही भरावी; कर्ज मागताना तीच पुढे ठेवता येते.

पत नाही म्हणून मेहुण्याच्या किंवा चुलत्याच्या नावावर गाडी घेण्याची रीत सर्रास दिसते. अपघात घडल्यास जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. हप्ता चुकला तर पत त्याची पडते, आणि सर्व हप्ते वेळेवर भरले तरी चालविणाऱ्याची पाटी कोरीच राहते. नाती तुटण्यास याहून सोपा मार्ग नाही. त्यापेक्षा लहान गाडी घ्यावी, पण ती स्वतःच्या नावावर. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनास परवाना लागत नाही, ही कर्नाटकाच्या सीमेवरील गावांस सोयीची गोष्ट आहे. आणि ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

जुनी गाडी घेताना आर.सी. बुकावर आधीच्या सावकाराचा बोजा आहे काय, कर, दंड व योग्यता प्रमाणपत्र यांची स्थिती काय, हे पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे. घरची जमीन मात्र या कर्जास जोडू नये. गाडी जप्त होऊन विकली गेली तरी विक्रीतून न फिटलेली बाकी कर्जदाराच्या माथी राहते, आणि त्या वेळी शेत तरी मोकळे असावे.

पाऊस लांबला व हप्ता चुकणार असे दिसले, तर तारीख उलटण्यापूर्वीच शाखेत जाऊन लेखी मुदत मागावी. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते व मग व्यवस्थापकाचेही हात बांधले जातात. शेवटचा हप्ता भरल्यावर सावकाराकडून ना-हरकत दाखला व नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयातून बोजा उतरवून घ्यावा, आणि महिनाभराने पतअहवाल मागवून कर्ज ‘बंद’ दाखविले आहे की नाही, ते पाहावे.